दोन रबरी बुश आणि एक गमावलेलं गिऱ्हाईक



या आठवड्याच्या व्हिडिओच्या सुरुवातीला मी टेबलावर रबराचा एक काळा तुकडा ठेवला होता. इंग्रजी 'डी' अक्षरासारखा आकार, मधोमध भोक, एका बाजूला चीर. मुठीत मावेल एवढा. गॅरेजवाल्यांनी तो लगेच ओळखला असेल. हा जंपिंग रॉडचा बुश. कंपनीच्या भाषेत स्टॅबिलायझर बार बुश, कुणी अँटी-रोल बार बुश म्हणतं, कुणी स्वे बार बुश. नाव काहीही घ्या, वस्तू एकच.

व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून हा लेख. तुमचं गॅरेज असेल तर सावकाश वाचा, कामाचा भाग सविस्तर दिलाय. गॅरेज नसेल पण दारात जुनी स्कॉर्पिओ, सफारी किंवा बोलेरो उभी असेल, तर पुढचं मोठं बिल भरायच्या आधी वाचा. आणि यातलं काहीच नसेल, तुमचा धंदा वेगळाच असेल, तरी पहिला भाग आणि शेवटचे भाग चुकवू नका. ते तुमच्यासाठीही आहेत.

आधी माझी चूक

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी मी नाशिकला मामांबरोबर गॅरेज चालवायचो. २०१९ चा पावसाळा संपत आला होता. दिंडोरी भागातले एक द्राक्षबागायतदार काका त्यांची २००६ ची स्कॉर्पिओ घेऊन आले. तक्रार एकच.

"भाऊ, पुढून खडखड करते. बागेच्या रस्त्याला तर गाडीत बसवत नाही."

मी बॉनेट दोनदा दाबून पाहिलं. खाली वाकलो. एका शॉकरवर तेलाचा ओशटपणा दिसला. झालं, निकाल लागला. "काका, शॉकर गेले."

पुढचे दोन्ही शॉकर बदलले. मजुरी धरून बिल झालं आठ हजारांच्या आसपास. गॅरेजसमोरच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारली. आवाज नाही. काका खूश, मी खूश.

चौथ्या दिवशी फोन. "भाऊ, आवाज तसाच आहे हो."

मी म्हणालो, "मग लिंक रॉड असतील. घेऊन या." लिंक रॉड बदलले. आणखी दोन हजार. पुन्हा तोच डांबरी रस्ता, पुन्हा तीच चक्कर. आठवड्याने पुन्हा फोन आला, तेव्हा माझ्याच आवाजात कंटाळा होता. मी म्हणालो, "काका, जुनी गाडी आहे, थोडा आवाज राहणारच."

त्यानंतर काकांचा फोन आला नाही.

महिनाभराने एक तरुण मुलगा स्कॉर्पिओ घेऊन आला. नुकतीच सेकंडहँड घेतलेली, पुढून आवाज येतो म्हणाला. गाडी पिटवर घेतली तेव्हा माझी नजर मागच्या दरवाज्याकडे गेली. डाव्या कोपऱ्यात तोच पोचा. काचेवर बागायतदारांच्या संघाचं तेच स्टिकर, अर्धवट खरवडलेलं. काकांचीच गाडी.

या वेळी मी खाली उतरलो, टॉमी घेतली आणि जंपिंग रॉड हलवून पाहिला. रॉड बुशच्या आत चक्क वरखाली नाचत होता. बुशचं भोक अंड्याच्या आकाराचं झालं होतं. दोन्ही बुश बदलायला दीड तास लागला. आवाज गेला तो गेलाच.

मुलगा म्हणाला, "एवढंच होतं? ज्यांच्याकडून घेतली ते म्हणत होते, दहा हजार घातले तरी आवाज जात नाही, म्हणून काढून टाकली."

संध्याकाळी मी काकांना फोन केला. खरं काय ते सांगितलं. मजुरी आणि लिंक रॉडचे पैसे परत देतो म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैशाचं बघू हो. गाडी चांगली होती माझी. मला वाटलं, तिचंच वय झालं."

पैसे मी पाठवले. पण त्यांनी गाडी पडत्या भावात विकली होती, ती काही मला परत देता आली नाही. त्यांच्या घरातली दुसरी कुठली गाडीही पुढे माझ्या गॅरेजला आली नाही. टेबलावरचा तो बुश त्याच गाडीचा आहे. प्रत्येक ट्रेनिंगला मी तो बरोबर घेऊन जातो.

आता कामाचं बोलू.

हा बार करतो काय?

दोन पुढच्या चाकांना आडवा जोडणारा, टोकांना वाकवलेला स्प्रिंग स्टीलचा एक गज, म्हणजे हा बार. त्याचा मधला भाग दोन बुश आणि दोन क्लॅम्पनी चॅसिसला धरलेला असतो. दोन्ही टोकं लिंक रॉडनी खालच्या आर्मला जोडलेली असतात.

दोन्ही चाकं एकदम वर गेली, समजा स्पीड ब्रेकर सरळ ओलांडला, तर बार बुशमध्ये नुसता फिरतो. काही विरोध करत नाही. पण वळणावर गाडी एका बाजूला कलायला लागली, की एक चाक आत दाबलं जातं आणि दुसरं खाली उतरतं. तेव्हा बारला पीळ बसतो. ओला टॉवेल पिळताना जसा हाताला जोर लागतो, तसा बार पीळ घ्यायला नकार देतो आणि गाडीला कलू देत नाही.

एसयूव्हीला हे जास्त लागतं, कारण ती उंच असते. तिचा गुरुत्वमध्य वर असतो. स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली, सफारी त्याच्याही आधी, १९९८ ला. या चॅसिसवाल्या उंच गाड्या. कसारा घाट उतरताना त्या रस्त्याला धरून राहतात, त्यात या गजाचा वाटा मोठा आहे.

आता बुश झिजला तर काय होतं? बार आणि बुश यांच्यात फट पडते. वळणावर गाडी आधी फटीएवढी मोकळी कलते, मग बार कामाला लागतो. चालवणाऱ्याला वाटतं, स्टिअरिंग सैल झालंय, गाडी तरंगतेय. आणि खड्ड्यात बार त्या फटीत आपटतो. तोच तो 'खट-खट'.

बुश का जातात?

कारणं चार, आणि चारही आपल्याकडे भरपूर.

पहिलं, वय. उष्णतेने आणि हवेने रबर कडक होतं, त्याला तडे जातात. गाडी कमी चालली तरी हे होतंच. दुसरं, चिखल आणि वाळू. बुश आणि बारच्या मधे बारीक कच गेली, की ती पॉलिश पेपरसारखं काम करते. शेतरस्त्यावरच्या गाड्यांचे बुश लवकर जातात ते यामुळे.

तिसरं, तेल. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळून बुशवर पडत असेल, तर रबर फुगतं आणि मऊ पडतं. अशा गाडीला गळती न थांबवता नवा बुश टाकणं म्हणजे गळक्या छताखाली नवी गादी अंथरणं.

चौथं, आपणच. आधीच्या मेकॅनिकने बुश घालताना हाताशी असलेलं साधं ग्रीस चोपडलेलं असतं. साध्या रबराला पेट्रोलियम ग्रीस चालत नाही.

आवाज कुणाचा, हे कसं ओळखायचं?

माझी चूक इथेच झाली, म्हणून इथे जरा थांबू. पुढून येणाऱ्या आवाजाचे संशयित पाच: बारचे बुश, लिंक रॉड, शॉकर, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. बुश सगळ्यात स्वस्त, आणि बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी तपासला जातो.

*चाचणी १: गिऱ्हाईकाच्या रस्त्यावर, गिऱ्हाईकाबरोबर.* आवाज जिथे येतो तिथेच गाडी चालवा. खडबडीत रस्ता, वेग ताशी १० ते २० किलोमीटर. डावं-उजवं चाक आळीपाळीने वरखाली होईल असा रस्ता हवा. स्पीड ब्रेकर एकदा सरळ घ्या, एकदा तिरका. तिरका घेताना आवाज वाढला तर संशय बार, बुश आणि लिंक रॉडकडे जातो. फक्त ब्रेक मारताना 'टक्क' होत असेल तर आधी लोअर आर्मचे बुश बघा.

*चाचणी २: गाडी हलवून.* गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. एकाने गाडी छताजवळ धरून डावी-उजवीकडे झुलवायची. दुसऱ्याने बुशजवळ बारवर बोटं टेकवायची. फट असेल तर ठोका बोटांना कळतो. बोटं क्लॅम्पच्या मधे घालू नका.

*चाचणी ३: टॉमी लावून.* पिटमध्ये उतरा आणि बार व चॅसिसच्या मधे टॉमी घालून हलक्या हाताने दाबा. रबर थोडं दबणं साहजिक आहे. पण बार बुशच्या आत मोकळा हलताना दिसला, बुशच्या कडेला चमकदार घासलेला पट्टा दिसला, किंवा क्लॅम्पबाहेर रबराचा चुरा दिसला, तर उत्तर मिळालं.

*चाचणी ४: बार सोडून.* तरीही खात्री नसेल तर दोन्ही बाजूचे लिंक रॉड बारपासून सोडा, बार कशालाही घासणार नाही असा नीट बांधा आणि त्याच खडबडीत गल्लीत अगदी हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर दोषी बारच्या कुटुंबातला आहे. आवाज तसाच असेल तर शॉकर, आर्म आणि बॉल जॉइंटकडे वळा. ही चाचणी मेकॅनिकनेच करायची, आणि मोठ्या रस्त्यावर कधीच नाही, कारण बार सुटलेला असताना गाडी जास्त कलते.

शॉकरचं काय? शॉकर खरंच गेला असेल तर त्यावरून तेल ओघळतं, बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी झुलत राहते, टायर जागोजागी खोलगट झिजतो. नुसता ओशटपणा म्हणजे शॉकर गेला असं नाही. हे मी आठ हजारांत शिकलो, आणि ते आठ हजारही माझे नव्हते.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. तपासताना बॉल जॉइंटमध्ये ढिलाई सापडली, तर ते काम आधी. बुश झिजल्याने आवाज येतो, गाडी कलते. बॉल जॉइंट निखळला तर चाकच कोलमडतं. अशी गाडी 'पुढच्या आठवड्यात करू' म्हणून रस्त्यावर सोडू नका.

पार्ट घेताना

एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना वेगवेगळ्या जाडीचे बार असू शकतात. म्हणून दुकानात जाऊन "अमुक गाडीचा बुश द्या" एवढं पुरत नाही. बुश जिथे बसतो तिथला गंज काढून व्हर्नियरने बारची जाडी मोजा. जुन्या बुशवर आकडा किंवा पार्ट नंबर कोरलेला असेल तर त्याचा फोटो काढा. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतला तर सगळ्यात उत्तम. भोक १ मिलिमीटरने मोठं निघालं तर पहिल्या दिवसापासून आवाज. लहान निघालं तर क्लॅम्प बसत नाही आणि बसवलाच तर बार अडकतो.

रबर की पॉलियुरेथेन? रबर शांत असतं, रस्त्याचे हादरे गिळतं. रोजच्या वापराला तेच बरं. पॉलियुरेथेन जास्त कडक आणि टिकाऊ असतं, वळणावर गाडी घट्ट वाटते. पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतंच, नाहीतर काही दिवसांत किरकिर सुरू होते. आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला नवा आवाज लावून देऊ नका.

बुश नेहमी जोडीने बदला. उजवा गेला आणि डावा 'बरा' दिसतोय, असं असलं तरी दोन्ही. दोघांनी सारखेच पावसाळे पाहिलेत.

प्रत्यक्ष काम

सामान: गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, टॉमी, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, गंज सोडवणारा स्प्रे, टॉर्क रेंच, दोन जॅक स्टँड, चाकांना ठोकळे. डोळ्यांना चष्मा लावा. खालून काम करताना गंज सरळ डोळ्यात पडतो.

१. शक्य असेल तर आदल्या दिवशी क्लॅम्पच्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. जुन्या गाडीचा बोल्ट घाई केली की तुटतो, आणि चॅसिसमध्ये तुटलेला बोल्ट म्हणजे एका तासाचं काम दिवसभराचं होतं. स्प्रे ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका.

२. गाडी पिटवर चाकांवर उभी असेल तर सगळ्यात चांगलं. उचलावीच लागली, तर पुढची दोन्ही चाकं सारख्या उंचीवर उचला आणि चॅसिसखाली जॅक स्टँड लावा. एकच बाजू उचलली तर बारला पीळ बसतो आणि क्लॅम्प सोडल्याबरोबर बार झटका देतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जायचं नाही. तुम्ही नाही, तुमचा पोऱ्याही नाही.

३. खालचं गार्ड असेल तर काढा. काहीही सोडण्याआधी मोबाइलने फोटो काढा. बुशची चीर पुढे आहे की मागे, क्लॅम्पची कुठली बाजू वर, हे फोटोत दिसलं पाहिजे. नंतर 'बहुतेक असंच होतं' हे चालत नाही.

४. दोन्ही बाजूंचे क्लॅम्प आधी ढिले करा, मग काढा. एक बाजू पूर्ण काढून दुसरी घट्ट ठेवली तर बार तिरका होतो. जागा कमी पडली तर लिंक रॉड सोडा. लिंकचा नट नुसताच फिरत असेल तर स्टडला मागून ॲलन की किंवा पान्याने धरा.

५. जुना बुश चिरेतून उघडून काढा. आता बार नीट साफ करा, आधी वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने. हात फिरवून बघा. बारवरच खाच पडली असेल तर नवा बुशही लवकर जाणार. तसं असेल तर गिऱ्हाईकाला आत्ताच दाखवा, तीन महिन्यांनी नाही.

६. नवा बुश बसवा. साध्या रबराच्या बुशला बसवताना साबणाचं पाणी पुरतं. पॉलियुरेथेनला सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस. चॅसिस ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यातलं काहीही नको. सपाट बाजू चॅसिसकडे, चीर फोटोप्रमाणे. बार डावी-उजवीकडे मधोमध आहे ना, तेही बघा. सरकलेला बार दुसरीकडे घासतो आणि तुम्ही नव्या आवाजाचे धनी होता.

७. क्लॅम्पचे सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा. मग गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पडल्यावर, आळीपाळीने आवळा. गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्क पहिला. तो मिळालाच नाही तर ८.८ ग्रेडच्या ८ एमएम बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि १० एमएम बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर हा अंदाज धरता येतो. लक्षात ठेवा, ही बोल्टच्या आट्यांची जाडी आहे, डोक्याला लागणाऱ्या पान्याचा नंबर नाही. १३ नंबरचा पाना लागतो म्हणून तो १३ चा बोल्ट होत नाही.

८. आता त्याच रस्त्यावर चक्कर, जिथे आवाज आला होता. शेजारी गिऱ्हाईक बसलेलं हवं. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर कुठलाच बुश बोलत नाही, हे माझ्याकडून शिकून घ्या. आठवड्याने गाडी पाच मिनिटं परत बोलवा आणि बोल्ट पुन्हा तपासा.

बिल किती लावायचं?

मी गॅरेजवाल्यांना विचारतो, या कामाची मजुरी किती घेता? उत्तर येतं, "काय साहेब, दोन बुश तर आहेत. दोनशे-तीनशे घेतो." मग हिशोब मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा जागेचं भाडं १५,०००. दोन मेकॅनिकचा पगार ४०,०००. तुमचा स्वतःचा पगार ३०,०००. हो, तुमचा पगार हा खर्चच आहे, उरलं तर घ्यायची बक्षिसी नाही. वीज, हत्यारांची झीज, चहापाणी ११,०००. एकूण ९६,००० रुपये महिना.

दोन मेकॅनिक, रोज ८ तास, महिन्याचे २५ दिवस. झाले ४०० तास. पण सगळे तास बिलात येत नाहीत. पार्ट आणायला जाणं, वाट बघणं, फुकटच्या चौकश्या यात वेळ जातो. १०० पैकी ६० तास बिलात आले असं धरलं तर २४० तास उरतात. ९६,००० भागिले २४०, म्हणजे तासाला ४०० रुपये. हा नफा नाही, ही फक्त बरोबरी.

बुशच्या कामाला तपासणी अर्धा तास आणि काम दीड तास. दोन तास, म्हणजे ८०० रुपये तुमच्या खिशातून गेले. मजुरी घेतली ३००. म्हणजे प्रत्येक बुशच्या कामात तुम्ही गिऱ्हाईकाला ५०० रुपये देऊन पाठवताय.

आता खरा मुद्दा. हा तोटा मनात कुठेतरी टोचत असतो. म्हणूनच आपला हात नकळत शॉकरकडे जातो, कारण शॉकरमध्ये मार्जिन आहे. मी काकांना फसवायला बसलो नव्हतो, अगदी शपथेवर सांगतो. पण माझ्या धंद्याचा हिशोबच असा होता, की स्वस्त उत्तर शोधायला मला वेळ परवडत नव्हता. तपासणीचे पैसे मी घेत नव्हतो, म्हणून तपासणी करतही नव्हतो.

म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या. आधी सांगून, जॉब कार्डवर लिहून. "अर्धा तास तपासणी, इतके रुपये. काम आमच्याकडे करा किंवा करू नका, काय गेलंय ते लेखी देतो." काही गिऱ्हाईकं कुरकुर करतील, काही निघूनही जातील. पण ज्याने याआधी चुकीच्या पार्टवर पैसे घातलेत, तो थांबेल.

गिऱ्हाईकाला काय सांगायचं?

तीन गोष्टी, फार नाहीत.

*काम सुरू करण्याआधी दाखवा.* टॉमीने बार हलवताना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. हलणारा बार बघितल्यावर समजावून सांगायला लागत नाही.

*धोका आधी सांगा.* "बोल्ट गंजलेत. सुटले तर इतके, तुटले तर ड्रिल करावं लागेल, त्याचे इतके जादा." हे आधी सांगितलं तर ती सूचना असते, नंतर सांगितलं तर गिऱ्हाईकाला तो बहाणा वाटतो.

*जुना पार्ट हातात द्या.* अंड्यासारखं भोक पडलेला बुश गिऱ्हाईकाच्या तळहातावर ठेवा, शेजारी नवा ठेवा. मग बिल द्या.

आणि आवाज परत आलाच तर एक वाक्य कधीच बोलू नका, "जुनी गाडी आहे, राहणारच." ते वाक्य बोललो त्या दिवशी मी माझं न झालेलं काम गाडीच्या वयावर ढकललं. काकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि गाडी विकली. "मला अजून सापडलं नाही, गाडी एक दिवस ठेवा, या तपासणीचे पैसे नाहीत" एवढं म्हणालो असतो, तर ती स्कॉर्पिओ कदाचित अजूनही त्यांच्या बागेच्या रस्त्यावर फिरत असती.

गाडीमालकांनो, तुमच्यासाठीही तेच. कुणी मोठा पार्ट बदलायला सांगितला, की एकच प्रश्न विचारा, "तोच गेलाय हे मला दाखवता का?" चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

गॅरेजवाल्यांनी आपला तासाचा खर्च वरच्या पद्धतीने काढायचा आणि भिंतीवर लिहून ठेवायचा. बाकी धंदेवाल्यांनी आठवायचं: मागच्या सहा महिन्यांत न भांडता, न बोलता यायचं थांबलेलं एक गिऱ्हाईक. त्याला फोन करा. विकायला काही नको. फक्त विचारा, "आमचं काय चुकलं?"

उत्तर ऐकताना मधे बोलू नका. मी काकांना फोन केला तेव्हा पहिल्यांदा मधे न बोलता ऐकलं होतं. तो फोन महिनाभर आधी करायला हवा होता.

भेटू पुढच्या आठवड्यात.